शोकाची कसोटी

(उपवासकाळातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



स्मृती व्याख्यानमाला म्हटली की गेलेल्या माणसाच्या तसबिरीला हार घालायचा, त्याच्या कार्याचा गौरव करायचा आणि मग साहित्य, समाज, शिक्षण अशा एखाद्या विषयाकडे वळायचं, ही आपली रीत. कुणीतरी आपल्यातून गेलं आहे आणि त्याची उणीव अजून भासते आहे, म्हणून तर आपण जमतो. पण त्या उणिवेविषयी व्यासपीठावरून सहसा कुणी बोलत नाही. विषय निवडण्याची मोकळीक आयोजकांनी मला दिली. म्हणून आज मी शोकाविषयीच बोलणार आहे. उपवासकाळ चालू आहे, राखेच्या बुधवारी आपल्यापैकी अनेकांनी कपाळावर राख लावून घेतली आहे. या विषयाला याहून योग्य दिवस मिळणार नाहीत.

डोंगरावरच्या प्रवचनाच्या आरंभी प्रभू येशूनं ज्यांना धन्य म्हटलं, त्यांत शोक करणाऱ्यांचा क्रम दुसरा आहे. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातला धक्का आता जाणवत नाही. ज्याच्या घरात आज मयत झाली आहे, त्याला जाऊन 'तू धन्य आहेस' असं म्हणायला आपली जीभ रेटणार नाही. येशूनं तसं म्हटलं, आणि म्हणणारा स्वतः रडलेला होता. बेथानीला लाजराच्या कबरेपाशी तो रडला. जैतुनांच्या डोंगराच्या उतारावर यरुशलेम नजरेस पडलं तेव्हाही तो रडला. त्या उतारावर आज एक छोटं चर्च आहे. अंतोनियो बार्लुत्सी या इटालियन वास्तुरचनाकारानं 1950 च्या दशकात ते उभारलं आणि त्याला अश्रूच्या थेंबाचा आकार दिला. वेदीमागच्या खिडकीतून जुनं यरुशलेम समोर दिसतं, त्यामुळे तिथं उपासनेला बसलेल्याची नजर आपोआप शहराकडे जाते. त्या वास्तुरचनाकारानं शुभवर्तमान नीट वाचलं होतं, असं मला वाटतं. येशूला स्वतःचं मरण अगदी जवळ आलेलं दिसत होतं, तरी ते अश्रू त्यानं शहरासाठी ढाळले.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट मांडतो. ख्रिस्ती धर्मानं दुःखाला सरसकट पवित्र मानलेलं नाही. दुःख माणसाला देवाजवळ नेतं तसं ते त्याला संपवूही शकतं, हे या परंपरेनं पहिल्या शतकापासून ओळखलं आहे. म्हणून तिनं शोकाची एक कसोटी घडवली. माणूस किती रडला, हे ती विचारत नाही. रडल्यावर तो कुणाकडे वळला आणि त्याच्या हातून काय घडलं, हे ती विचारते. ही कसोटी आपल्या मंडळ्यांना आज पुन्हा हातात घ्यावी लागणार आहे.

कसोटीचा मूळ पाठ पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधलं व्यापारी शहर. तिथली मंडळी गुणी, पण भांडखोर. पौलानं तिला एक कडक पत्र धाडलं होतं आणि नंतर त्याचा जीव खालीवर होत होता. आपण फार लागट लिहिलं का? माणसं दुरावली तर? मासेदोनियात तीत त्याला भेटला, मंडळीची हकिगत त्यानं सांगितली, तेव्हा कुठे पौलाचा जीव भांड्यात पडला. या सुटकेच्या भावनेतच तो लिहितो की देवाच्या इच्छेला धरून झालेलं दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मात्र मरणाकडे नेतं. पुढे तो त्या लोकांच्या दुःखाचं फळ मोजतो. तळमळ, झाल्या गोष्टीचा खुलासा करण्याची धडपड, अन्यायाचा संताप, भय, ओढ, आवेश, चुकणाऱ्याला शासन करण्याची तयारी. या सगळ्या यादीत अश्रूंचा उल्लेख नाही. दुःखानं लोकांना कामाला लावलं, एवढंच पौल पाहतो आहे.

शुभवर्तमानात हीच कसोटी एका रात्रीत दोन माणसांना लागते. यहूदानं गुरूला विकलं, पेत्रानं त्याला नाकारलं. दोघांनाही दुःख झालं. यहूदाचं दुःख खोटं होतं असं मत्तय कुठेही सुचवत नाही. उलट, त्यानं तीस रुपये परत नेले आणि आपण निर्दोष माणसाचा घात केल्याची कबुली दिली. पश्चात्तापाची बाह्य लक्षणं पाहिली तर त्या वेळी पेत्रापेक्षा यहूदाच पुढे होता. पण तो ज्यांच्याकडे गेला, त्या याजकांनी 'ते तुझं तू बघ' या अर्थाचं उत्तर देऊन त्याला वाटेला लावलं. त्याचं दुःख त्याच्याच अंगावर परतलं. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण रडून शिष्यांकडेच परत आला. पुढे तिबिर्य समुद्राच्या काठी, कोळशाच्या विस्तवापाशी, येशूनं त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला आणि तीनही वेळा काम सोपवलं, मेंढरांना सांभाळण्याचं. यहूदाचा निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि आत्महत्या केलेल्या कुठल्याही माणसाचा निवाडा करण्याचा अधिकार मी कुणालाच देणार नाही. मला त्या याजकांची भीती वाटते. कबुली द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणारी मंडळी म्हणजे ते याजक.

आता तीन शतकं पुढे येऊ. इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधूंची वस्ती वाढली होती. त्यांच्यातल्या एव्हाग्रियसनं माणसाच्या मनाला घेरणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, वासना, लोभ, राग, गर्व यांच्याबरोबरच त्या यादीत खिन्नताही आहे. म्हणजे या साधूंच्या दृष्टीनं दुःखी राहणं हा एक आजार होता. आणि तरीही हीच माणसं अश्रूंना देवाची देणगी म्हणत. आर्सेनियस नावाच्या साधूविषयी सांगतात की तो हातकाम करत बसे, तेव्हा डोळ्यांतून वाहणारं पाणी टिपायला छातीशी एक फडकं ठेवलेलं असे. हात कामात, डोळ्यांत पाणी. परंपरा असं सांगते की हा आर्सेनियस एके काळी सम्राट थिओडोसियसच्या मुलांचा शिक्षक होता, राजवाड्यातलं सुख सोडून आला होता.

यात विसंगती दिसते, पण ती नाही. खिन्न माणूस आपल्या मनासारखं न झाल्याबद्दल कुढतो. शोक करणारा साधू आपण कुणाला दुखावलं, कुणावाचून आपण अपुरे आहोत, याबद्दल रडतो. पहिल्याला काम नकोसं होतं, माणसं नकोशी होतात. दुसरा हलका होतो. सातव्या शतकात सिनाय पर्वताच्या मठाचा प्रमुख असलेल्या योहान क्लिमाकसनं साधनेची तीस पायऱ्यांची शिडी रचली आणि तिची सातवी पायरी शोकाला दिली. हा शोक आनंद निर्माण करणारा असतो, असं त्याचं सांगणं. मधमाशीच्या पोळ्यात मेणाच्या आत मध असतो तसा त्या दुःखाच्या आत आनंद असतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

पश्चिमेकडे पोप ग्रेगरीनं हाच विचार एका बायबलकथेतून उलगडला. कालेबाची मुलगी अक्सा लग्नानंतर गाढवावरून उतरते आणि बापाकडे मागणं मागते की मला कोरडवाहू जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. बाप तिला वरचे झरे देतो आणि खालचेही देतो. ग्रेगरी म्हणतो, खालचे झरे म्हणजे शिक्षेच्या भयानं येणारे अश्रू आणि वरचे म्हणजे देवाच्या ओढीनं येणारे अश्रू. माणसाची सुरुवात बहुधा भयापासून होते. ते भय रडून सरलं की प्रेमाचं रडू सुरू होतं. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही अक्सा लगेच समजेल. जमीन नावावर असून भागत नाही, पाणी लागतं. सद्गुण, दानधर्म, नेमानं उपासना, सगळं असूनही मन कोरडं असू शकतं. म्हणून ते पाणी मागून घ्यायचं असतं, असा ग्रेगरीचा उपदेश आहे.

आप्तांच्या मृत्यूचा शोक हा यात कुठे बसतो? पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यानं रडावं की रडू नये? या प्रश्नावर मला संत ऑगस्टीनहून मोठा साक्षीदार माहीत नाही, कारण त्यानं आपल्या आत्मकथनात दोन मृत्यूंची हकिगत लिहिली आहे.

पहिला मृत्यू त्याच्या तरुणपणी, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या त्याच्या गावी झाला. जिवाभावाचा मित्र तापानं गेला. ऑगस्टीनला घर खायला उठलं, गाव नकोसं झालं, जिथे बघावं तिथे मरणच दिसू लागलं. शेवटी तो गाव सोडून कार्थेजला गेला. पुढे या दिवसांकडे वळून पाहताना तो स्वतःला सोडत नाही. त्या मित्रापेक्षा मला माझं दुःखच अधिक प्रिय झालं होतं, रडण्यातच मला गोडी वाटत होती, असं तो कबूल करतो. मर्त्य माणसावर मी तो कधीच मरणार नाही असं समजून प्रेम केलं, हे त्याचं निदान.

दुसरा मृत्यू आईचा, 387 साली. मोनिकाला छप्पन्नावं वर्ष चालू होतं, ऑगस्टीनला तेहेतिसावं. त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडलेल्या या आईला त्याचा बाप्तिस्मा पाहायला मिळाला होता, आणि आफ्रिकेला परतायच्या वाटेवर, रोमच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडून गेली. तिनं प्राण सोडला तेव्हा ऑगस्टीनच्या कोवळ्या मुलानं हंबरडा फोडला. मोठ्यांनी त्याला गप्प केलं. ही बाई विश्वासात गेली, तिच्यासाठी आक्रोश शोभत नाही, असा सगळ्यांचा भाव. एव्होदियस नावाच्या मित्रानं स्तोत्रसंहिता उघडून गायला सुरुवात केली आणि घरातल्यांनी साथ दिली. ऑगस्टीननं डोळे कोरडे ठेवले. दफनाला गेला, परत आला, तरी रडला नाही. स्नानानं मन हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून स्नान केलं. काही फरक पडला नाही. मग झोप लागली. जाग आल्यावर बिशप अँब्रोजनं रचलेलं एक गीत आठवलं आणि त्यापाठोपाठ आई आठवली, तिची माया आठवली. तेव्हा त्यानं रोखून धरलेले अश्रू मोकळे सोडले. वाचकाला तो विनवतो की आईसाठी मी घटकाभर रडलो हे ज्याला पाप वाटत असेल त्यानं मला हसू नये. त्यापेक्षा माझ्या पापांसाठी देवासमोर रडावं. आणि प्रकरणाच्या शेवटी तो वाचकांना आपल्या आई-बापांसाठी प्रार्थना करायला सांगतो.

दोन्ही वेळचं दुःख तीव्र आहे. पहिल्या वेळी तो माणसांपासून पळाला. दुसऱ्या वेळी त्यानं दुःख देवापुढे मांडलं आणि शेकडो मैलांवरच्या, अजून न जन्मलेल्या वाचकांनाही त्यात सामील करून घेतलं. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची चूक आपण आजही करतो. 'प्रभूनं नेलं, रडू नका' असं सांगून आपण दुःखी माणसाचं तोंड बंद करतो आणि त्याला विश्वास म्हणतो. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. आशा असलेल्यानं रडू नये, असा नियम त्यानं घातला नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलानं आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं कळवलं. शोकच करू नका, असं कळवलं नाही.

त्याच काळात, त्याच अँब्रोजच्या मिलान शहरात, शोकाची कसोटी साक्षात सम्राटाला लागली. इसवी सन 390. ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरात एका लोकप्रिय रथस्पर्धकाला अटक झाली, दंगल उसळली आणि जमावानं रोमन सेनापतीला ठार केलं. थिओडोसियसनं रागाच्या भरात सूड घ्यायचा हुकूम दिला. नंतर तो मागे घेतला म्हणतात, पण तोवर उशीर झाला होता. शहरातल्या लोकांची सरसकट कत्तल झाली. थिओडोरेट हा पाचव्या शतकातला इतिहासकार मृतांचा आकडा सात हजार देतो. अँब्रोजनं सम्राटाची भेट टाळली, शहराबाहेर गेला आणि स्वतःच्या हातानं एक पत्र लिहिलं. त्यात त्यानं दावीद राजाची आठवण करून दिली. उरीयाचा घात करणाऱ्या दावीदाला नाथान संदेष्ट्यानं तोंडावर दोष दिला आणि दावीदानं तो कबूल केला. आपणही तसं केल्याशिवाय मी आपल्यासमोर पवित्र विधी करू शकत नाही, असा अँब्रोजच्या पत्राचा मथितार्थ.

थिओडोसियसनं मान्य केलं. रोमन साम्राज्याचा धनी राजचिन्हं उतरवून चर्चमध्ये लोकांसमोर रडला आणि क्षमा मागितली. पाच वर्षांनी त्याच्या अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोजनं सांगितलं की त्या चुकीचं दुःख त्याला झालं नाही असा एकही दिवस पुढे गेला नाही. थिओडोरेट आणखी एक गोष्ट नोंदवतो. मृत्युदंडाचा हुकूम तीस दिवस रोखून धरायचा आणि मग शांत डोक्यानं पुन्हा तपासायचा, असा कायदा सम्राटानं केला. थेस्सलनीकाचे मेलेले परत आले नाहीत. त्यांच्या बायकामुलांना सम्राटाच्या अश्रूंनी काय मिळालं, हा प्रश्न इतिहास अनुत्तरित ठेवतो आणि आपणही तो सोडू नये. पण सत्ताधाऱ्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो पुढच्या हुकमावर लगाम घालतो, एवढं या घटनेतून दिसतं.

त्या पिढीतली फाबियोला मला याहून जवळची वाटते. रोममधल्या फाबियस या बड्या घराण्यातली ही बाई. दुराचारी नवऱ्याला सोडून तिनं, तो हयात असताना, दुसरं लग्न केलं होतं. आज आपण तिला दोष देणार नाही, आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्या संत जेरोमनंही तिची बाजू बरीच सावरून घेतली आहे. दुसरा नवरा वारल्यावर ती ईस्टरच्या आधी लॅटेरन बॅसिलिकात, गोणपाट नेसून, केस मोकळे सोडून, पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. तिला पाहून लोक रडले. नंतर तिनं मालमत्ता विकली आणि रोममध्ये रुग्णालय काढलं. तिथल्या रुग्णांना ती स्वतः उचलून आणी, इतरांना बघवत नसत अशा जखमा स्वतःच्या हातानं धुई. जेरोम म्हणतो की असं रुग्णालय काढणारी ती पहिलीच. 399 साली ती गेली. रांगेत ती काही काळच उभी होती. पुढची सगळी वर्षं रुग्णांसोबत गेली.

आता आपल्या घरी येऊ, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या केडगावी.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मृत्यूंनी भरलेलं होतं. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. आईच्या वेळी तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा भावाबरोबर या मुलीनंही आईची तिरडी उचलली. स्मशान कोसभराहून लांब होतं. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले; पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. तेव्हाच्या त्यांच्या लेखनात स्वतःच्या घरच्या दुष्काळाची आठवण येते. आईची तिरडी ज्या दुःखातून उचलली, त्याच दुःखानं परक्यांच्या लेकी उचलून आणल्या. या मुलींसाठी केडगावला मुक्ती वस्ती उभी राहिली.

जून 1905 च्या अखेरीस मुक्तीमधल्या मुलींमध्ये एक आध्यात्मिक जागृती झाली. वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांमधल्या जागृतीच्या बातम्या आधीच पोहोचल्या होत्या, प्रार्थनेचे गट महिनोन्महिने चालू होते. मुली मोठमोठ्यानं रडून पापांची कबुली देऊ लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. त्या काळी यावर टीकाही झाली. हा भावनेचा पूर आहे, असं अनेकांना वाटलं. टीका करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली नसावी, असं मला वाटतं.

या मुलींपैकी अनेक विधवा होत्या. विधवेला समाजानं आधीच अपराधी ठरवलेलं होतं. नवरा मेला तो हिच्या पायगुणानं, हिच्या पूर्वजन्मीच्या पापानं, हे तिला लहानपणापासून ऐकवलं जाई. केशवपन, एक वेळचं जेवण, शुभकार्यात मज्जाव, असा आयुष्यभराचा सक्तीचा शोक तिच्यावर लादला जाई. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो, आणि त्यात गावोगावच्या विधवांचं हेच दुःख मांडलं. म्हणजे मुक्तीत आलेल्या मुलीला रडणं नवीन नव्हतं. न केलेल्या पापासाठी ती वर्षानुवर्षं रडत आली होती. 1905 मध्ये ती प्रथमच स्वतःच्या पापासाठी रडली. मी खोटं बोलले, मी तिचा द्वेष केला, अशी जिची तिची खरी कबुली. ज्या मुलीला कुणी माणूस म्हणून मोजलं नव्हतं, तिला देवासमोर जबाबदार व्यक्ती म्हणून उभं राहता आलं. लादलेल्या अपराधाचं ओझं उतरल्याशिवाय खऱ्या पश्चात्तापाला जागा होत नाही, हे मी केडगावकडून शिकलो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांबद्दल एकच सांगतो. 1921 मध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीच्या हाती मुक्तीचं काम सोपवायचं होतं तीच गेली. तेव्हाही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला जुंपलेल्याच होत्या. साध्या, गावंढ्या म्हणवल्या जाणाऱ्या बाईलाही कळावं अशा मराठीचा त्यांचा ध्यास होता. ते काम हातावेगळं करून त्या 5 एप्रिल 1922 ला गेल्या.

आता दोन इशारे. पहिला, दुसऱ्याला शोकाचा उपदेश करणाऱ्यांसाठी. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. ते सात दिवस त्यांचं वागणं उत्तम होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझ्याच पापाचं हे फळ आहे असं पटवायला लागले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो या धर्मशील मित्रांवर. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, दुःखानं आत्मा शुद्ध होतो' असं सांगणारा पाळक त्याच मित्रांच्या पंगतीत बसतो. दुःख दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार ख्रिस्तानं कुणालाही दिलेला नाही.

दुसरा इशारा, मनाच्या आजाराबद्दल. काही जणांना कारण नसताना महिनोन्महिने उदास वाटतं, झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही. हा नैराश्याचा आजार असू शकतो. अशा माणसाला पापांगीकाराचा सल्ला देऊन घरी पाठवू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा.

शेवटचा मुद्दा मंडळीच्या सामूहिक शोकाचा. बायबलमध्ये शोक बहुतेक वेळा सगळ्यांनी मिळून केलेला असतो. विलापगीतात उद्ध्वस्त यरुशलेमसाठी सारं नगर रडतं. विसाव्या शतकात याची दोन मोठी उदाहरणं घडली. ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मनीतल्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्टला जाहीर निवेदन काढून नाझी राजवटीत आपण धैर्यानं साक्ष दिली नाही, ही कबुली दिली. त्या निवेदनात ज्यूंचा उल्लेखही नव्हता, आणि ही उणीव पुढे अनेक ख्रिस्ती लोकांनीच दाखवून दिली. नोव्हेंबर 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली यॉंकर या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञानं स्वतःच्या आणि आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीनं वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि त्यांनी ती स्वीकारली. टुटूंच्या जागी ते यहूदाचे याजक असते तर काय झालं असतं, याचा विचार करा. कबुली देणाऱ्याइतकीच ती स्वीकारणाऱ्याचीही गरज असते.

आपल्या मंडळ्यांना कबूल करण्यासारखं काय आहे? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत घातली गेली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो हे मान्य केलं. तमिळनाडूकडे बोट दाखवून मला मोकळं व्हायचं नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत मुलीचं स्थळ बघताना कुठले प्रश्न विचारले जातात, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका प्रभुभोजनाच्या मेजावर बसणारी माणसं सोयरिकीच्या वेळी वेगळी होतात. याचं दुःख आपल्याला होत नसेल, तर आपण कपाळाला लावलेली राख व्यर्थ आहे.

म्हणून सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती आहे. उत्तम शुक्रवारच्या आत एक संध्याकाळ सामूहिक शोकासाठी ठेवा. त्या संध्याकाळी प्रवचन नको. स्तोत्रसंहितेतली विलापाची आणि पश्चात्तापाची स्तोत्रं वाचा. मंडळीतल्या ज्यांनी या वर्षी आप्त गमावले त्यांची नावं घ्या आणि त्यांना रडू द्या. मग मंडळी म्हणून आपण कुणावर अन्याय केला, ते नाव घेऊन उच्चारा. आणि तिथं थांबू नका. जक्कयानं पश्चात्ताप झाल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवलेल्यांना चौपट परत केलं. आपल्या मंडळीलाही कुणाला काय परत द्यायचं आहे, याची यादी करा आणि तिच्यातली एक तरी गोष्ट पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत पुरी करा. येशूनं शोक करणाऱ्यांना सांत्वनाचं वचन दिलं आहे. ज्यांना आपण दुखावलं, त्यांचं सांत्वन सुरू करण्याची पाळी आता आपली आहे.